फ्रान्सच्या आडगावांतून सायकलनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या अलीकडं-पलीकडं मी दोन-तीन आठवडे फ्रान्समध्ये सायकल चालवायला जातो. शर्यत नाही, ग्रुप टूर नाही. कॅरिअरला दोन पिशव्या, खिशात घडीचा नकाशा आणि दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. परत आलो की पुण्यातले सायकलवाले मित्र तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

तिथले रस्ते खरंच इतके रिकामे असतात का?

हो, पण सगळे नाहीत, आणि जे आहेत ते का आहेत हे समजून घेतलं तर शोधायला सोपे जातात.

फ्रान्समध्ये दहा लाख किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते आहेत. त्यांतले बहुतेक गावांच्या आणि जिल्ह्यांच्या ताब्यात आहेत. देशात जवळपास ३५,००० कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी एककं आहेत. दोनशे माणसांच्या गावालाही स्वतःची मेरी, म्हणजे पंचायत कचेरी, असते आणि रस्त्यांची जबाबदारीही तिचीच. चार घरांच्या वस्तीपर्यंत डांबर पोचलेलं असतं. पुढं माणसं शहरांकडं गेली आणि लांबचा प्रवास महामार्गांवर गेला. डांबर मात्र जागेवरच राहिलं. आता त्यावरून दिवसभरात ट्रॅक्टर, टपालाची पिवळी गाडी आणि शाळेची बस जाते.

लोझेर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला साधारण पंधरा माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा ३६५ होता. ईशान्येकडच्या म्यूझपासून नैर्ऋत्येच्या लांदपर्यंत तिरपा पट्टा काढला तर त्यात असे कितीतरी जिल्हे येतात: क्रूझ, कांताल, लॉत, जेर. शांत रस्ता हवा असेल तर तो इथं आहे. भूमध्य समुद्राचा किनारा, पॅरिस आणि लियाँच्या भोवतालचा भाग, आल्प्समधल्या तळ्यांचे काठ सुंदर असले तरी शांत नाहीत.

नकाशावर शांत रस्ता ओळखायचा कसा?

सगळं इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्त्याच्या क्रमांकाआधी अक्षर असतं. ए म्हणजे ओतोरूत, द्रुतगती महामार्ग, तिथं सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तो टाळायचा. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि आपली बहुतेक सफर याच्यावर होते. सी म्हणजे गावचा रस्ता.

डी रस्त्यांत एक अंकी-दोन अंकी क्रमांक मोठे आणि तीन अंकी लहान, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. २००६च्या सुमारास सरकारनं हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडं सोपवले. त्यांचं अक्षर आणि क्रमांक बदलले, गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या. लॉत जिल्ह्यातला डी ८२० हा पूर्वीचा एन २० आहे, पॅरिसहून स्पेनकडं जाणारा जुना हमरस्ता. नुसता तीन अंकी क्रमांक बघून त्यावर गेलात तर दिवसभर ट्रकच्या बाजूनं पायडल मारावे लागतील.

त्यापेक्षा मिशलँच्या कागदी नकाशावर रंग बघा. तांबडे रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे लहान. पांढरे निवडायचे, लांब जायचं असेल तर मधेमधे पिवळे घ्यायचे. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला. चढ असेल तर रस्त्यावर बाणासारखी खूण असते आणि तिचं टोक चढाच्या दिशेला असतं. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३च्या वर. सामान लादलेल्या सायकलला तीन खुणा उलट्या बाजूनं, उताराला मिळतील असा मार्ग आखायचा.

आणखी एक युक्ती. नदीच्या एका काठानं पिवळा किंवा तांबडा रस्ता असेल तर दुसऱ्या काठावर बहुधा पांढरा असतो. तो वळणं जास्त घेतो, मधेच वाडीत शिरतो, दोन टेकाडं चढवतो. तोच घ्या.

फोनवरचं ॲप पुरत नाही का?

पुरतं, पण कुठलं ते महत्त्वाचं. गाडीवाल्यांसाठीचं ॲप सायकलला कधी हमरस्त्यावर नेतं, कधी शेतातल्या चिखलात. सायकल डॉट ट्रॅव्हल नावाचं मार्ग आखून देणारं संकेतस्थळ मुद्दाम कमी वर्दळीचे रस्ते शोधतं, माझा त्याच्यावर भरवसा आहे. तरी आदल्या रात्री कागदी नकाशा पसरून बसतोच. फोनच्या पडद्यावर शेजारची दरी दिसत नाही.

पहिल्यांदा जायचं तर कुठं जाऊ?

मला विचाराल तर लॉत जिल्ह्यातलं सेले नदीचं खोरं. फिजाकपासून काओरपर्यंत साधारण ८० किलोमीटर. जोर लावला तर एका दिवसात होतं. तीन दिवस घ्या.

फिजाक हे इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँचं जन्मगाव, तो १७९०मध्ये इथं जन्मला. एका छोट्या चौकात, जिच्या आधारे ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिळेची भलीमोठी काळी प्रतिकृती फरशीसारखी आडवी अंथरलेली आहे आणि पोरं तिच्या अक्षरांवरून धावतात. गावाबाहेरचे पहिले काही किलोमीटर वर्दळीचे आहेत, तिथं जपून. मग डी ४१ लागला की आवाज बंद. उजव्या-डाव्या हाताला चुनखडीचे करडे-पिवळे कडे, खाली पॉप्लरच्या रांगा आणि मधून हिरवट पाण्याची सेले. काही ठिकाणी कडा रस्त्यावर असा झुकलेला आहे की पावसातही त्याखाली कोरडं राहता येतं. मी एकदा तिथं पाऊण तास उभा होतो. तेवढ्यात एकच गाडी गेली, पावाची.

वाटेत एस्पान्याक-सांत-एलाली लागतं. तिथल्या जुन्या मठाचा घंटामनोरा लाकडी चौकटीचा आहे, असा मनोरा मी दुसरीकडं पाहिलेला नाही. पुढं मार्सिलाकला पडका मठ. त्याच्या छत नसलेल्या दालनात उभं राहिलं की वर आभाळ आणि पाकोळ्या. काब्रेरेच्या वरच्या अंगाला पेश मेर्लची गुहा आहे. तिच्यातले ठिपक्यांचे घोडे वीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रंगवलेले आहेत. दिवसाला ठरावीक माणसंच आत सोडतात, म्हणून तिकीट आधी काढून ठेवा. गुहेपर्यंतचा चढ छोटा पण खडा आहे.

कोंदूशेला सेले लॉत नदीला मिळते. तिथून सँ-सिर्क-लापोपी हे कड्यावरचं गाव जवळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ते माणसांनी फुलून जातं, म्हणून सकाळी नऊच्या आत वर पोचा. बूझिएसजवळ नदीकाठच्या कड्यात कोरलेली एक जुनी वाट आहे, त्यावरून घोडे होड्या ओढत नेत. ती पायी चालायची, सायकल ठेवून जा. वेरच्या पुढं काओरपर्यंतचा रस्ता मोठा आणि गाड्यांचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. काओरला चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल आहे.

वेळ असेल तर खोरं सोडून वर कॉसच्या पठारावर या. खुरट्या ओकची झाडं, रचलेल्या दगडांचे बिनचुन्याचे बांध, मेंढपाळांच्या दगडी घुमट्या. देशावरच्या माणसाला ते दगडी बांध ओळखीचे वाटतात. रात्री इथं इतका गुडुप्प अंधार असतो की आकाशगंगा पाहायला लोक मुद्दाम येतात.

लहान मुलं बरोबर आहेत. गाड्या अजिबात नकोत.

मग व्हॉय व्हेर्त, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखलेल्या वाटा. पहिली १९९७मध्ये बरगंडीत झिव्री ते क्लूनी अशी जुन्या रेल्वेमार्गावर झाली, साधारण ४४ किलोमीटरची. आगगाडीला कडक चढ चालत नसे, त्यामुळे सहा-सात वर्षांचं मूलही ही वाट पार करतं. क्लूनीच्या दक्षिणेला बुआ-क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा डोंगरावरून वळसा घालावा लागतो. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, मुलांच्या अंगात जाकीट घाला.

कालव्यांच्या काठच्या वाटाही सपाट आहेत. ओसेर ते देसीझ हा निव्हेर्नेचा कालवा माझा आवडता, सुमारे १७५ किलोमीटर. प्रसिद्ध कालवा म्हणजे ‘द्यू मिदी’, तुलूझपासून समुद्राकडं २४० किलोमीटर. तुलूझकडचा भाग डांबरी आहे, पुढं मुळं, खडे आणि पावसानंतर चिखल. बारीक टायर घेऊन तिकडं जाऊ नका. शिवाय एका बुरशीच्या रोगामुळं काठची हजारो जुनी प्लेनची झाडं तोडावी लागली आहेत, त्यामुळं चित्रात दिसते तेवढी सावली आता सगळीकडं नाही. लुआरच्या काठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटर आहे आणि त्याच्या पाट्या उत्तम आहेत.

माझं मत विचाराल तर कालव्याच्या काठानं सलग चार दिवस जाऊ नका. सपाट वाटेवर गावं लांबूनच दिसतात. एक दिवस कालवा, एक दिवस पांढरे रस्ते, असं केलं तर देश दिसतो.

कोणत्या महिन्यात?

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मेमध्ये सुट्ट्या बऱ्याच येतात (१ आणि ८ तारीख, शिवाय सणांच्या), त्या दिवशी दुकानं बंद. ऑगस्टात दक्षिणेत ऊन फार, मुक्कामाच्या जागाही मिळत नाहीत. ऱ्होन खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटतो, तेव्हा उत्तरेकडं तोंड करून जाण्याचा हट्ट धरू नका. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो, रानातून जाताना रविवारी भडक रंगाचा सदरा घाला.

वाहतुकीचे नियम कोणते लक्षात ठेवायचे?

रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं. दिवसभर हे लक्षात राहतं. चूक होते ती पाव घ्यायला थांबून पुन्हा निघताना. रिकाम्या रस्त्यावर हात सवयीनं डावीकडं जातो. मी हँडलच्या उजव्या टोकाला लाल फडकं बांधतो.

दुसरा नियम उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा. त्याला प्रियोरिते आ द्रुआत म्हणतात. चौकात काहीच खूण नसेल तर उजवीकडच्या बोळातून येणारा ट्रॅक्टरही न थांबता बाहेर येऊ शकतो आणि तो चुकत नसतो. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट, टोकावर उभी, दिसली तर अग्रक्रम तुमच्या रस्त्याला. तिच्यावर काळी तिरकी रेघ असेल तर तो संपला. छोट्या गावांत नियम बहुतेक वेळा उजवीकडच्याचाच असतो. गोल चौकात मात्र आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं.

गावाबाहेर गाडीवाल्यानं सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढं जायचं असतं, गावात एक मीटर. बहुतेक गाडीवाले ते पाळतात, वळणावर मागं थांबून राहतात. अरुंद रस्त्यावर थोडं कडेला होऊन हात केला तर हॉर्नऐवजी हात हलवून आभार येतात. दुपदरी रस्त्यांवर २०१८पासून वेगमर्यादा ताशी ८० आहे, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती परत ९० केली आहे. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी लागली की ५०.

कानात इअरफोन घालायला बंदी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकतं जाकीट सक्तीचं.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही, पण आखणी करावी लागेल. आणि ती काय खायचं याच्याइतकीच कधी खायचं याची.

आडगावात दुकान बारा-साडेबाराला बंद होतं ते दोन-अडीचनंतर उघडतं. रविवारी दुपारनंतर सगळं बंद. सोमवारी बेकरी बंद असण्याची शक्यता मोठी. एका सोमवारी कॉसवर तीन गावं पालथी घातली आणि तिन्ही ठिकाणी दार बंद. चौथ्या गावात एका आजीबाईंना दुकान विचारलं. त्यांनी दुकान नाही असं सांगितलं, आत गेल्या आणि अर्धा पाव, दोन टोमॅटो आणि कागदात गुंडाळलेलं बकरीच्या दुधाचं चीज घेऊन आल्या. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझ्या पिशवीत रविवारी सकाळीच सोमवारचा पाव असतो, शेंगदाणा चिक्की तर पुण्याहूनच येते.

हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड या वेळातच मिळतं. दोनला गेलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. ‘सां व्हियांद, सां पुआसों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे आधी सांगा. ‘सां लार्दों’ हेही सांगा. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सॅलडात आणि मसुरीत न विचारता पडतात. प्युईची हिरवी मसूर अप्रतिम असते, पण त्यांच्याशिवाय मागावी लागते. ऑब्राकच्या पठारावर अलिगो मिळतो, बटाटा आणि ताजं चीज घोटून केलेला. पळी वर उचलली की हातभर तार निघते. ब्रिटनीत बकव्हीटच्या पिठाचा गालेत्, म्हणजे धिरडं, अंडं खात असाल तर अंडं आणि चीज घालून. बाकी ऑम्लेट सगळीकडं. कडक शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा की पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

राहायचं कुठं?

घरगुती खोल्या, म्हणजे शांब्र दोत. गावचे कँपिंग तळ, ते स्वस्त आणि नीटनेटके असतात. ‘आक्यय व्हेलो’ अशी पाटी असलेल्या जागा आखलेल्या सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथं सायकल कुलपात ठेवता येते. सेलेच्या खोऱ्यातून स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची एक वाट जाते. त्यांच्यासाठीच्या मुक्कामाच्या घरांत सायकलवाल्यांनाही जागा मिळते. संध्याकाळी एका लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून जेवायचं. वारीतल्या मुक्कामाची आठवण येते.

सायकल कशी असावी? रस्ते चांगले असतात ना?

३२ मिलिमीटरचे टायर आणि चढाला हलका गिअर. यापेक्षा सायकल भारी असण्याची गरज नाही.

डांबर चांगलं असतं, पण उन्हाळ्यात एक धोका आहे. लहान रस्त्यांवर डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरतात आणि ती गाड्यांच्या चाकांनीच दबू देतात. तिथं ‘ग्राव्हियों’ अशी पाटी असते. एका जूनमध्ये उतारावर ती पाटी मी वाचली, अर्थ समजला नाही आणि वेग कमी केला नाही. पुढचं चाक वळणावर सरकलं. गुडघा आणि कोपर सोलून निघाला, आणि खडीचे कण काढायला फार्मसीतल्या बाईंनी वीस मिनिटं खर्च केली. पाटी दिसली की वेग सरळ रस्त्यावरच कमी करा, वळणावर ब्रेक दाबू नका.

आगगाडीत सायकल नेता येते?

टेर नावाच्या प्रादेशिक गाड्यांत बहुतेक ठिकाणी फुकट, काही भागांत उन्हाळ्यात जागा राखून ठेवावी लागते. तेजेव्हे, म्हणजे अतिवेगवान गाड्या, त्यांत मोजक्या गाड्यांतच अखंड सायकलला जागा असते, तीही पैसे भरून. नाहीतर चाकं काढून पिशवीत भरायची. फिजाक आणि काओर दोन्हीकडं स्टेशन आहे, म्हणून वरचा मार्ग मला सोयीचा वाटतो.

व्हिसा?

शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विम्यात सायकलवरचा अपघात धरला आहे का, ते पॉलिसी वाचून बघा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस याच रस्त्यांवरून जाते का?

बरीचशी, हो. ही ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल मोहीम: १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी, पुढची २०२७मध्ये. त्या वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे पात्रतेच्या सफरी, पूर्ण कराव्या लागतात. महाराष्ट्रातून बरेच सायकलस्वार जातात. माझा एक मित्र २०२३ला गेला होता. पहाटे तीनला ब्रिटनीतल्या एका घरासमोर टेबल मांडून लोक कॉफी देत होते, हे तो अजून सांगतो. पण तिथं झोप मोजून घ्यावी लागते आणि दिव्यांच्या माळेमागून जावं लागतं. तोच मार्ग जूनमध्ये आठ-दहा दिवसांत करून बघा, फुजेर आणि कारेच्या मधलं शिवार तेव्हा दिसेल.

कुत्री मागं लागतात का?

गावातली क्वचित. पिरेनीज आणि आल्प्समध्ये मेंढ्यांच्या कळपाबरोबर पातू नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरा, कळपाला वळसा घालून हळू चालत जा. ओरडू नका, दगड उचलू नका.

फ्रेंच येत नाही. अडेल का? आणि पाणी कुठं मिळतं?

दोन्हींचं उत्तर एकदमच देतो. दुकानात, कचेरीत, कुंपणापलीकडच्या माणसालाही आधी ‘बोंजूर’ म्हणायचं. ते न म्हणता प्रश्न विचारला तर माणूस कोरडा होतो.

दुकान बंद, हॉटेल नाही, बाटली रिकामी, अशा वेळी दफनभूमी शोधायची. ती बहुधा गावाच्या कडेला, दगडी भिंतीच्या आत असते आणि फुलांना पाणी घालायला दाराजवळ नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका, ते पिण्याचं पाणी नाही. ‘ओ पोताब्ल’ असेल तर चालतं. काहीच लिहिलं नसेल तर समोर कुणी असल्यास विचारा. क्रूझमधल्या एका गावात मी असाच नळापाशी घुटमळत होतो. कबरीवरची फुलं बदलत असलेल्या एका आजोबांना ‘बोंजूर’ म्हटलं आणि बाटली दाखवली. त्यांनी बोटानं नको असं केलं, झारी खाली ठेवली, मला रस्ता ओलांडून घरी नेलं आणि दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या नळावर भरून दिल्या, आधी आतून खळखळून धुऊन.